एका दिवसाचा डोंगर

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. बाहेरच्या माणसाला ही गोष्ट विचित्र वाटते. तिचे कारण देवाधर्माचे नसून विजेचे आहे. सगळे कारखाने एकाच वारी बंद राहिले तर उरलेल्या सहा दिवसांत विजेची ओढ वाढते, म्हणून वीज मंडळाने औद्योगिक क्षेत्रांना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले आणि पुण्याच्या परिसराला गुरुवार मिळाला. त्यामुळे मुलांची शाळा ज्या दिवशी असते त्या दिवशी बाप घरी असतो, आणि नातेवाइकांची लग्नकार्ये ज्या रविवारी असतात त्या रविवारी तो लाइनवर उभा असतो. या व्यवस्थेने नुकसान पुष्कळांचे केले, पण एका जातीच्या माणसांचे भले केले, ते म्हणजे डोंगरात जाणाऱ्यांचे. रविवारी लोहगडावर मुंगीला वाट मिळत नाही. गुरुवारी तोच गड मोकळा असतो. बुधवारी रात्री दुसरी शिफ्ट सुटली की कंपनीच्या दारातूनच गाडी काढून पहाटे कुठल्यातरी पायथ्याला पोचणारी टोळकी या पट्ट्यात वर्षानुवर्षे आहेत.

प्रस्तुत लेखाचा विषय या टोळक्यांची हौस नाही. त्यांची आखणी हा आहे. अवघड, उभ्या चढाचा, दूरच्या जंगलातला डोंगर एका दिवसात करायचा, तर त्याची आखणी कशी करावी, हा प्रश्न वरवर पाहता माहितीपत्रकाचा आहे. अंतर किती, पाणी कुठे, परवानगी कोणाची, एवढे सांगितले की विषय संपला असे वाटते. माझे म्हणणे असे की विषय तिथे संपत नाही, सुरू होतो. आपण आखणी कशी करतो, किंवा ती का करत नाही, यात आपले कामाशी, सुट्टीशी आणि ज्या भूमीवर आपण पाहुणे म्हणून जातो तिच्याशी असलेले नाते उघडे पडते.

बोलायला एक उदाहरण हवे, म्हणून वासोटा घेऊ. वासोटा ऊर्फ व्याघ्रगड कोयना अभयारण्यात आहे. कोयना अभयारण्य आणि त्याच्या दक्षिणेचे चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. त्याचे क्षेत्र साधारण ११६५ चौरस किलोमीटर आहे. चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा २००४ साली मिळाला. खुद्द चांदोलीच्या हद्दीतला प्रचितगड कोकणातल्या शृंगारपुराकडून शिड्यांच्या वाटेने चढावा लागतो. तो पिंपरीहून एका दिवसात करण्याचा विचारही कोणी करू नये. वासोट्याचे मात्र तसे नाही. तो एका दिवसात होतो, असे सगळे सांगतात, आणि ते खोटेही नाही. म्हणूनच तो आपल्या विषयाला योग्य. जे अशक्य आहे त्याची आखणी कोणी करत नाही, जे सोपे आहे त्याची गरज नसते. जे जेमतेम शक्य आहे तिथेच आखणीचा कस लागतो.

निगडीहून साताऱ्यामार्गे कास पठार ओलांडून बामणोलीपर्यंत साधारण १७० किलोमीटर होतात. बामणोलीला वनखात्याकडे नोंद करून परवानगी घ्यायची, शुल्क भरायचे, मग स्थानिकांच्या बोट क्लबाची लाँच ठरवायची. शिवसागर जलाशयातून तास-सव्वा तासाने मेट इंदवलीला उतरायचे. एके काळी इथे गाव होते. आता वनखात्याची चौकी आहे आणि उठलेल्या वस्तीच्या खुणा आहेत. चौकीवर पिशव्या तपासतात, प्लास्टिकच्या वस्तू मोजून घेतात. तिथून दाट जंगलातून सुमारे पाचशे मीटरांचा चढ आहे. वाटेत नागेश्वरच्या गुहेकडे जाणारा फाटा फुटतो. माथ्यावर छप्पर नसलेले मारुतीचे देऊळ, वाड्याचे अवशेष, पाण्याचे टाके, महादेवाचे मंदिर, आणि समोर जुन्या वासोट्याच्या अंगाने उतरलेला बाबूकडा. पावसाळ्यात हे सारे बंद असते. जंगलात मुक्कामाला परवानगी नाही. शुल्क, वेळा आणि बंद ठेवण्याचे दिवस हंगामागणिक बदलतात, तेव्हा निघण्याआधी बामणोलीला विचारून घेणे ही आखणीची पहिली पायरी. फुलांच्या हंगामात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, कासच्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते तिचाही विचार करावा लागतो, कारण बामणोलीचा रस्ता त्याच पठारावरून जातो.

आता हिशेब करू. डिसेंबर धरू, कारण हवा चांगली असते आणि दिवस सर्वांत लहान असतो. पहाटे तीनला निगडी सोडली तर साडेसातला बामणोली. परवानगी, चहा, बोटीची जुळवाजुळव, यांत साडेआठ. पलीकडच्या काठावर पावणेदहा, चौकीचे सोपस्कार आटोपून चालायला सुरुवात दहाला. टोळक्यात दहा माणसे असतील तर त्यांतली दोन पहिल्यांदाच आलेली असतात आणि टोळके नेहमी त्या दोघांच्या वेगाने चालते. म्हणून चढायला तीन तास. एक वाजता माथा. तास-दीड तास वर, उतरायला अडीच तास, मग पुन्हा बोट. डिसेंबरात साताऱ्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. बेरीज केली तर बोट बामणोलीला लागते तेव्हा अंधार पडलेला असतो. म्हणजे सगळे सुरळीत झाले, कोणाचा पाय मुरगळला नाही, कोणाच्या बुटाचा तळ निघाला नाही, बोट वेळेवर मिळाली, तरी या हिशेबात शिल्लक काही नाही. आणि ज्या हिशेबात शिल्लक नसते तो हिशेब नव्हे, तो नवस असतो.

म्हणून अशा आखणीची सुरुवात निघण्याच्या वेळेपासून करू नये. सूर्यास्तापासून करावी आणि उलटे मोजत यावे. सहाला सूर्यास्त. पावणेसहाला बामणोली गाठायची तर साडेचारला बोटीत. उतरायला अडीच तास, म्हणजे दोनला माथा सोडणे आले. त्यात अर्धा तास अनपेक्षितासाठी राखून ठेवायचा, झाले दीड. याचा अर्थ असा की दीड वाजता टोळके जिथे असेल तिथून मागे फिरायचे. माथा शंभर पावलांवर असला तरी. ही माघारीची वेळ घरी, टेबलाशी बसून, डोके थंड असताना ठरवायची असते आणि सर्वांना सांगून ठेवायची असते. कारण दीड वाजता, घामाघूम अवस्थेत, माथा दिसत असताना ती ठरवण्याची क्षमता कोणातच नसते. तिथे फाट्यावर कोणीतरी म्हणतोच, "आलोच आहोत तर नागेश्वरही करू." हे वाक्य सह्याद्रीत जितके महाग पडते तितके दुसरे कुठले पडत नसेल.

वासोट्याच्या इतिहासातच या माघारीच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांना शिवाजी महाराजांनी काही काळ याच गडावर कैदेत ठेवले होते. १८१८ साली इंग्रजांनी जुन्या वासोट्यावर तोफा चढवून हा गड घेतला, तेव्हाही गडावर कैदी होतेच. कैद्यांसाठी हा गड निवडला जात होता, कारण इथे पोचणे अवघड होते आणि इथून परत जाणे त्याहून अवघड. आज वर जाणारी वाट मळलेली आहे, बोट आहे, चौकी आहे. तरीही परतीचा भाग अवघड तो अवघडच, फक्त अडचणीचे रूप बदलले आहे.

ते रूप कोणते? माझ्या मते वासोट्याच्या एकदिवसीय ट्रेकमधला सर्वांत उभा चढ जंगलात नसतो. तो बामणोलीहून निगडीला परतण्याच्या रस्त्यावर असतो. पहाटे तीनला निघालेला चालक संध्याकाळी साडेसहाला पुन्हा स्टिअरिंगवर बसतो. मध्ये पाच-सहा तास चालून त्याच्या मांड्या भरून आलेल्या असतात. कासचा वळणावळणांचा रस्ता अंधारात उतरायचा, मग महामार्गावर मालमोटारींच्या रांगा, आणि घरी पोचायला अकरा. जर तो आदल्या रात्री दुसरी शिफ्ट करून आलेला असेल तर सलग दीड दिवस तो झोपलेला नाही. मागच्या बाकांवरचे सगळे घोरत असतात. त्यालाही झोप येत असते, पण तसे म्हणणे त्याला कमीपणाचे वाटते. डोंगरातल्या धोक्यांवर आपण पानेच्या पाने लिहितो, दोर आणि बूट यांवर तासन्‌तास वाद घालतो. झोपेवर कोणी लिहीत नाही. आखणीच्या कागदावर चालकाची झोप हा एक स्वतंत्र रकाना असायला हवा. तो रिकामा राहत असेल तर बेत रद्द करावा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. डोंगरात जायचे ते घड्याळ विसरायला. तिथेही मिनिटांचे कोष्टक नेले तर कारखाना आणि डोंगर यांत फरक काय राहिला? शिवाय मराठीत दुर्गभ्रमंतीची जी मोठी परंपरा आहे ती कोष्टकांवर उभी राहिलेली नाही. गो. नी. दांडेकर गडकोटांवर हिंडले आणि त्यांनी 'दुर्गभ्रमणगाथा' लिहिली, ती काही वेळापत्रके हातात धरून नव्हे. भटकणे या शब्दातच बेत नसणे अभिप्रेत आहे.

आक्षेपाचा पहिला भाग नंतर पाहू. दुसऱ्याबद्दल एवढेच म्हणायचे आहे की त्या पिढीच्या भटकंतीत आखणी नव्हती असे नाही. ती दिसत नव्हती, कारण ती गावांच्या स्वाधीन होती. एस.टी.ने शेवटच्या गावापर्यंत जायचे, कोणाच्या तरी ओसरीवर टेकायचे, पाटलाला किंवा धनगराला वाट विचारायची, उशीर झाला तर वाटेतल्या वाडीत भाकरी खाऊन झोपायचे. रस्ता चुकला तर गुराखी भेटत असे. अंधार पडला तर दिवा दिसत असे. वेळ चुकण्याची किंमत एक जास्तीचा मुक्काम एवढीच होती. त्या भटक्यांच्या पाठीशी डोंगरातल्या वस्त्यांचे अख्खे जाळे होते, आणि म्हणून त्यांना घड्याळ विसरणे परवडत होते.

कोयना-चांदोलीत हे जाळे आज नाही. आधी धरणाने खोऱ्यातली गावे उठवली, मग अभयारण्याने आणि व्याघ्र प्रकल्पाने उरलेल्यांतली बरीच उठवली. मेट इंदवलीला आज ओसरी नाही, चुलीचा धूर नाही. अंधार पडल्यावर दिसेल असा दिवा नाही. त्या जंगलात गवे आहेत, अस्वले आहेत, बिबटे आहेत; २०२५च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण चांदोलीत आणण्यात आली, म्हणजे पट्टेरी वाघाला तिथे पुन्हा घर मिळावे असा उद्देश आहे. अशा जंगलात जुन्या भटकंतीची निर्धास्त वृत्ती घेऊन जाणे म्हणजे काढून टाकलेल्या जाळ्यावर उडी टाकणे आहे. जी सुरक्षितता पूर्वी गाव देत असे ती आता वेळापत्रकाला द्यावी लागते. दुर्गसाहित्याच्या परंपरेने आपल्याला गडांचा इतिहास दिला, गडांविषयीचे प्रेम दिले. पण त्या साहित्यातली परिस्थिती बदलली आहे हे आपण वाचक म्हणून पुरेसे लक्षात घेतलेले नाही. वाङ्मयातून वृत्ती उचलताना तिच्या पायाखालची जमीन अजून आहे का, हे पाहायला हवे.

आता आक्षेपाचा पहिला भाग. कारखाना आणि डोंगर यांत फरक राहावा, ही इच्छा मला पूर्णपणे समजते. किंबहुना या पट्ट्यातली टोळकी आखणी का टाळतात याचे उत्तर मला याच इच्छेत दिसते. एरवी आखणीत या माणसांचा हात धरणारा कोणी नाही. लाइनवर एका गाडीला किती सेकंद मिळतात हे त्यांना ठाऊक असते. अपघात होता होता टळला तर त्याची 'नियर मिस' म्हणून नोंद करायची असते, आणि ती केली नाही तर सुपरवायझर विचारतो. प्रवेशद्वाराशी अपघाताविना गेलेल्या दिवसांचा फलक असतो. हेल्मेटशिवाय शॉप फ्लोअरवर पाऊल टाकता येत नाही. तीच माणसे गुरुवारी कड्याच्या टोकावर पाय सोडून फोटो काढतात, आणि कोणी घसरता घसरता वाचला तर तो परतीच्या गाडीतला सर्वांत मोठा विनोद होतो. यात अडाणीपणा नाही. कारखान्यातली आखणी दुसऱ्याची असते. ती दुसऱ्याच्या नफ्यासाठी, दुसऱ्याच्या घड्याळाने चालते. सहा दिवस ती अंगावर वागवल्यानंतर सातव्या दिवशी माणूस ती फेकून देतो, आणि फेकताना सुरक्षिततेचे भानही तिच्याबरोबर फेकले जाते. सावधपणा मालकाचा, बेफिकिरी आपली, अशी वाटणी नकळत होऊन बसते.

पण ही वाटणी खोटी आहे. आखणी हे मालकाचे हत्यार नाही. मालकाने वापरलेले हत्यार आहे. आपल्या माणसांसाठी, आपल्या मर्जीने, आपल्या सुट्टीसाठी केलेली आखणी ही गुलामी नसून स्वातंत्र्याचाच भाग आहे. माथ्यावर निवांतपणे अर्धा तास बसायला मिळावे म्हणून आदल्या आठवड्यात अर्धा तास कागदाशी बसणे, हा सौदा वाईट नाही. घड्याळ विसरायचे असेल तर ते आधी कोणीतरी नीट लावलेले असावे लागते.

या आखणीत आणखी एक रकाना हवा, आणि तो सुरक्षिततेचा नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि कोयनेच्या पहिल्या टप्प्याची वीजही त्याच सुमारास वाहू लागली. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स त्याआधी, १९५४ साली आली होती. साठच्या दशकात भोवती कारखाने उठत गेले, १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका, आणि पुढे चाकणचे माळ कारखान्यांनी भरले. फोक्सवागनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. वीज सगळी एकाच जाळ्यात मिसळते, त्यामुळे अमुक दिवा अमुक धरणाचा असे बोट ठेवून कोणाला सांगता येणार नाही. पण १९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्प बाजूला काढून महाराष्ट्राच्या औद्योगिकीकरणाची गोष्ट सांगता येत नाही, हे निश्चित. त्या प्रकल्पासाठी साधारण शंभर गावांना विस्थापनाची झळ लागली. माणसे ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडे विखुरली, आणि त्यांच्या पुनर्वसनाची भांडणे पुढच्या पिढ्यांनाही लढावी लागली.

म्हणजे गुरुवारच्या सुट्टीत आपण ज्या पाण्यावरून लाँचने जातो त्या पाण्याखाली कोणाची तरी शेते आहेत, आणि त्या पाण्याच्या विजेचा हिशेब आपल्या गुरुवारच्या सुट्टीपर्यंत येऊन भिडतो. यातून अपराधी भावना निर्माण करण्याचा माझा हेतू नाही. नोकरी करणाऱ्या कामगाराने धरण बांधले नाही. पण वर्तनाचे काही नियम मात्र यातून सरळ निघतात. लाँच चालवणारा माणूस बहुधा याच खोऱ्यातला असतो. त्याच्याशी शे-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करण्यात, आणि त्याने सांगितलेली परतीची वेळ तासाभराने चुकवून मग "पैसे दिलेत ना" म्हणण्यात, जो उद्दामपणा आहे तो निव्वळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. जेवणाचे डबे, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटे सगळे निगडीहून भरून न्यायचे आणि बामणोलीत फक्त कचरा सोडायचा, ही आखणी कार्यक्षम असेल, पण न्याय्य नाही. रात्रीचे जेवण बामणोलीत घ्यावे. स्थानिक वाटाड्या घ्यावा. वाट मळलेली असली तरी घ्यावा, कारण त्याला नुसती वाट ठाऊक नसते, मेट इंदवलीत कोणाचे घर कुठे होते हेही ठाऊक असते.

भाषेचाही इथे विचार व्हायला हवा. आपण गड 'सर' करतो, मोहीम 'फत्ते' करतो, डोंगरावर 'चढाई' करतो. ही सारी लढाईची भाषा आहे. शिवकाळाचे स्मरण म्हणून ती गोड वाटते, पण ती एक गोष्ट विसरायला लावते: ज्याला लढाई म्हटले तिथे माघार हा पराभव ठरतो. दीड वाजता मागे फिरणाऱ्या टोळक्याने काय गमावले? एक माथा, जो पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. पण आपल्या शब्दकोशात त्याच्यासाठी शब्द आहे तो 'अपयश'. गनिमी काव्याचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला वेळेवर माघार घेणे हीसुद्धा विद्या आहे हे वेगळे सांगावे लागू नये, परंतु लागते खरे. 'गडावर जाऊन येऊ' हे साधे वाक्य मला 'गड सर करू' यापेक्षा अधिक शहाणे वाटते, कारण त्यात येणेही आहे.

प्रशासनाचा प्रश्न राहिला. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी, या पट्ट्याच्या अगदी उंबऱ्यावर, इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसह कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. अशा घटनांनंतर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. पूर्वी ते फौजदारी संहितेच्या कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. मनाईला माझा सरसकट विरोध नाही. पुराच्या आठवड्यात ती हवीच. पण मनाई माणसाला काही शिकवत नाही. ती उठली की तीच गर्दी त्याच जागी तशीच उभी राहते. त्यापेक्षा वासोट्याची पद्धत मला अधिक सुजाण वाटते: एक दार, एक नोंदवही, परतीची एक वेळ, मोजून घेतलेले प्लास्टिक, आणि पावसाळ्यात बंद. लोक या व्यवस्थेला जाच म्हणतात. माझ्या दृष्टीने ती सार्वजनिक आखणी आहे. नोंदवहीत दहा नावे गेली आणि संध्याकाळी नऊच परतली तर कोणीतरी ते मोजत असते, ही गोष्ट लहान नाही. उठलेल्या गावाने जे काम न सांगता केले असते, ते ही वही आपल्या परीने करत असते. घरीही अशी एक वही असावी: कुठे जातो, कोणाबरोबर, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे. डोंगरात फोन लागत नाही हे गृहीत धरून.

शेवटी मुद्दा दिवसाचा. 'एकदिवसीय' हे परिमाण डोंगराचे नाही, हजेरीपटाचे आहे. जंगल त्या मापाने कापलेले नाही. आपणच ते त्या मापात बसवू पाहतो आणि बसले नाही की झोपेतून, जेवणातून, सूर्यप्रकाशातून तुकडे कापतो. याला दोन प्रामाणिक उपाय आहेत. पहिला उपाय दिवस वाढवण्याचा: ज्या आठवड्यात पहिली शिफ्ट असेल त्या आठवड्यातला बुधवार धरावा, दुपारी सुटल्यावर निघावे, रात्री बामणोलीत झोपावे, सकाळी पहिल्या बोटीने जावे आणि शक्य असेल तर शुक्रवारची रजा टाकून दुसरी रात्रही तिथेच काढावी. रजा मिळणे सोपे नसते, कंत्राटी कामगाराला तर दिवसाचा पगार बुडतो, हे खरे. पण मग ते डोंगराचे गाऱ्हाणे नव्हे, कामाच्या अटींचे आहे. ते कारखान्याच्या दारात मांडावे, चालकाच्या झोपेतून वसूल करू नये.

दुसरा उपाय डोंगर लहान करण्याचा. ज्याच्याकडे एकच दिवस आहे त्याने एका दिवसाचाच डोंगर निवडावा. तिकोना आहे, घोरावडेश्वर आहे, भंडारा डोंगर आहे. चाकणच्या कारखान्यांच्या कुशीतच, तुकोबांच्या चिंतनाची जागा म्हणून लोक ज्याला मानतात तो भामचंद्र डोंगर आहे. यांतला एखादा सकाळी चढून दुपारी घरी येऊन झोपता येते, आणि संध्याकाळी शाळेतून आलेल्या मुलाशी खेळताही येते. गुरुवारच्या सुट्टीने या पट्ट्यातल्या बापांकडून जे काढून घेतले त्यातले थोडे असे परत मिळते. वासोटा पुढच्या डिसेंबरासाठी ठेवावा, दोन रात्रींचा हिशेब जमेल तेव्हा. कागदावर पहिली ओळ लिहावी ती माघारीच्या वेळेची, दुसरी चालकाच्या झोपेची, तिसरी बामणोलीतल्या जेवणाची. बूट, टोपी, पाण्याच्या बाटल्या वगैरेंची यादी त्यानंतर कोणीही करील.